भिंतीवर नाव कुणाचं?

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी असदगड आहे. किल्ला म्हणायचं, पण उरलेत ते काही बुरुज, वेशी आणि तटाचे तुकडे. त्याच्या दहीहांडा वेशीवरच्या लेखात हिजरी १११४ हे साल आहे, म्हणजे अठराव्या शतकाची अगदी सुरुवात. बादशहा औरंगजेब, वजीर असदखान. गडाचं नावही त्याच्यावरूनच. ईदगाहवरचा लेख सांगतो की ते काम हिजरी १११६ मध्ये ख्वाजा अब्दुल लतीफने पुरं केलं. इथपर्यंत सगळं जुळतं. मग येते अगरवेस. तिच्यावर मराठीत चक्क लिहिलंय की किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ मध्ये बांधला!

एकशे चाळीस वर्षांपासून उभा असलेला किल्ला पुन्हा कसा बांधला? कदाचित त्यांनी डागडुजी केली असेल. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुन्या कोडची एखादी ओळ बदलतो, तेव्हा त्या ओळीपुढे आमचं नाव लागतं. पण म्हणून अख्खं सॉफ्टवेअर आपण लिहिलं असं कुणी म्हणत नाही. आप्पाजी म्हणाले. आणि भिंतीनं ते जपून ठेवलं.

रस्त्यावरची रंगीत भिंत पाहताना मला म्हणूनच पहिला प्रश्न पडतो: हे कुणी लिहिलं, आणि नाव कुणाचं लागलं?

वऱ्हाडात ही गोष्ट फार जुनी आहे. मोर्शी तालुक्यातल्या धारूळ गावाच्या उत्तरेला, सातपुड्यात, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत रंगवलेल्या गुहा आहेत. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गप्रेमी सोबती जानेवारी २००७ मध्ये तिथे पोचले. खडकावर हत्ती आहेत, वाघ आहेत. अंबादेवी गुहा म्हणून आज हा परिसर ओळखला जातो. चित्रं आहेत, चितारणाऱ्याचं नाव नाही.

अकोटजवळच्या नरनाळ्यावर उलटा प्रकार. तिथला महाकाली दरवाजा १४८७ चा, बहमनी काळातला. दगडात कोरलेली अक्षरं इतकी देखणी की वाचता आली नाहीत तरी माणूस थांबून बघतो. त्या लेखात राज्य करणाऱ्या सुलतानाचं नाव आहे. महिनोन्‌महिने छिन्नी चालवणाऱ्याला मात्र आपण ओळखत नाही.

अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत उभा राहू लागला, १८०७ मध्ये. कारण पेंढाऱ्यांची भीती आणि आतल्या सावकार-व्यापाऱ्यांचा पैसा. जवाहर गेट, अंबागेट, नागपुरी गेट ही नावं आज रिक्षावाल्याला पत्ता सांगायच्या कामी येतात. लुटारूंना अडवायला बांधलेल्या भिंतीला आता कोण अडवायचं आहे? पोस्टरवाल्यांना, तेही अडत नाहीत.

आणि मग गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. हा माणूस निरक्षर. भिंतीवर काही लिहिण्याऐवजी तो गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचा. पण २००० नंतर त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आलं आणि खराटा घेतलेले बाबा गावोगावच्या भिंतींवर उभे राहिले. पुढे स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्तानं शहरातल्या भिंतीही रंगल्या.

या भिंती मला आवडतात. चुन्याचा हात, त्यावर निळा, पिवळा, हिरवा. फ्लेक्स आल्यावर ज्या पेंटरांचं काम गेलं, त्यांच्यातल्या काहींना यातून पुन्हा ब्रश धरता आला. पण एक लक्षात ठेवायला हवं. १९९५ चा महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. परवानगी असेल तर त्याच भिंतीवरचा रंग सुशोभीकरण, नसेल तर गुन्हा. म्हणजे भिंतीनं काय बोलायचं हे आजही बहुतेक वेळा भिंत ताब्यात असलेलाच ठरवतो. धारूळच्या चितारणाऱ्याला कुणाची परवानगी लागली नसावी.

सध्याच्या चित्रांवर सौजन्य म्हणून कुणाचं तरी नाव ठळक असतं. पेंटरचं असलंच तर खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, मोबाइल नंबरासकट. सेल्फी काढताना तो कोपरा फ्रेममध्ये घ्या. नाहीतर शंभर वर्षांनी कुणीतरी वाचेल की ही भिंत सौजन्यवाल्यांनीच रंगवली, आणि त्याला खरंही वाटेल.