अली आणि निसर्गाची निवड

उत्क्रांतीचा विषय निघाला की चार्ल्स डार्विन यांचे नाव येते. क्वचित आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचेही येते. अलीचे नाव मात्र आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

अली हा बोर्निओ बेटावरील सारावाकचा मलाय मुस्लिम मुलगा. १८५५च्या अखेरीस वॉलेस यांनी त्याला नोकरीस ठेवले. सुरुवातीला त्याच्याकडे घरकाम होते. पुढे तो पक्षी टिपायला आणि त्यांची कातडी सोलून जतन करायला शिकला. १८६२ पर्यंत बहुतेक बेटांवर तो वॉलेस यांच्यासोबत होता.

अशा संग्रहातून काय कळते? एकाच जातीचे दहा जीव शेजारी मांडले, तरी दहाही सारखे नसतात. वॉलेस यांना सुमात्रात एक फुलपाखरू दिसले. पंख मिटून बसले की ते हुबेहूब वाळलेले पान वाटते. मुलांना हेच उदाहरण द्यावे. समजा, पूर्वी त्यातली काही फुलपाखरे पानासारखी थोडी अधिक दिसत, काही कमी. कमी दिसणारी पक्ष्यांच्या नजरेत लवकर भरत. उरलेल्यांची पिल्ले पुढे वाढत आणि आईबापांचे रूप घेऊन येत. हजारो पिढ्या ही चाळणी चालू राहिली आणि जातीचे रूपच पालटले. एकाही फुलपाखराने पान व्हायचे ठरवले नव्हते. याला नैसर्गिक निवड म्हणतात.

फेब्रुवारी १८५८ मध्ये मोलुक्का बेटांत तापाने फणफणलेले असताना वॉलेस यांना हा विचार सुचला. तर्नाते येथून त्यांनी तो लेख डार्विन यांना पाठवला. डार्विन स्वतंत्रपणे वीस वर्षे याच विचारावर काम करत होते. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले.

त्याच वर्षी बाचान बेटावर अलीने एक अनोखा पक्षी टिपून आणला. छातीवर हिरवी चमक, खांद्यांवर लांब पांढरी पिसे. तो स्वर्गपक्ष्यांच्या (बर्ड ऑफ पॅरडाइज) कुळातला, विज्ञानाला अपरिचित पक्षी होता. शास्त्रीय नावात वॉलेस आले, अली आला नाही. मात्र १९०५च्या आत्मचरित्रात वॉलेस यांनी अलीचे छायाचित्र आवर्जून छापले. १९०७ मध्ये तर्नातेत एका वृद्धाने आपली ओळख ‘अली वॉलेस’ अशी करून दिली, असे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बार्बर यांनी लिहून ठेवले आहे.

सिद्धांत अलीने मांडला, असे आम्ही म्हणत नाही. तो वॉलेस आणि डार्विन यांचाच. पण ज्या संग्रहावर वॉलेस यांचे काम उभे राहिले, त्यात या मुलाचे कष्ट आहेत. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. पुस्तकातून धडा गेला, तरी घरात तो शिकवता येतो. हे ज्ञान परक्यांचे आहे असे आपल्या मुलाला वाटले, तर त्याला अलीची गोष्ट सांगावी आणि मग अंगणातली दोन फुलपाखरे नीट न्याहाळायला लावावीत. ती सारखी नसतात, हे त्याचे त्यालाच दिसेल.