काटकसर म्हणजे नेमक्या किती बादल्या?

ठाणे, प्रतिनिधी

पिसे येथील उदंचन केंद्रात किंवा टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्तीचे काम निघाले की, महापालिकेचे निवेदन वृत्तपत्रांत झळकते. कोणत्या भागाचा पाणीपुरवठा किती तास बंद राहील, याची यादी त्यात असते. नंतरचे एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल, अशी सूचना असते आणि शेवटी नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरावे, असे आवाहन असते. हे शेवटचे वाक्य आता इतके अंगवळणी पडले आहे की, काटकसर म्हणजे नेमकी किती, हे कोणी विचारीत नाही.

वर्तकनगरसारख्या वसाहतीत हा प्रश्न अधिकच सयुक्तिक ठरतो. म्हाडाच्या जुन्या, कमी उंचीच्या इमारती आणि पुनर्विकासातून उभे राहिलेले उंच मनोरे येथे शेजारी शेजारी दिसतात. जुन्या घरांत पाणी ठरावीक वेळी येई आणि ते पिंपात, हंड्यांत, कळशीत भरून ठेवले जाई. पिंपातील पाणी डोळ्यांदेखत कमी होत असल्याने हात आपोआप आखडता राही. मनोऱ्यातील घरात न्हाणीघरे दोन, नळ सात-आठ आणि पाणी चोवीस तास. किती वापरले, हे दिसण्याची सोयच नाही. माणसे उधळी झाली असे म्हणण्यापेक्षा माप नाहीसे झाले, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ठाणे शहराचे स्वतःच्या मालकीचे धरण नाही. भातसा नदीतून पिसे येथे उचललेले पाणी, उल्हास नदीतून पाणी घेणारे स्टेम प्राधिकरण, बारवी धरणावर अवलंबून असलेले एमआयडीसी आणि काही प्रमाणात मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून शहराची तहान भागते. यांपैकी एका ठिकाणची वीज गेली किंवा एक जलवाहिनी फुटली, तरी परिणाम थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणांतील साठा घटल्यावर उल्हास नदीतून पाणी उचलण्यावर मोठी कपात लादण्यात आली होती. त्या वेळी कल्याण-डोंबिवलीसह जिल्ह्यातील अनेक शहरांनी आठवड्यातील काही दिवस कोरडे काढले.

पाणी जाते कुठे?

पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना शहरी माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी लागते, असे धरले जाते. त्याची सर्वमान्य विभागणी अशी : आंघोळीला ५५ लिटर, शौचालयाच्या फ्लशला ३०, कपडे धुण्यास २०, भांडी घासण्यास १०, घराच्या स्वच्छतेला १०, स्वयंपाकाला ५ आणि पिण्याला ५ लिटर. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब ५४० लिटरवर जातो. दोनशे लिटरची पावणेतीन पिंपे भरतील एवढे हे पाणी आहे. त्यातील ३४० लिटर केवळ आंघोळ आणि फ्लश यांतच खर्च होते. पाहुण्यांपुढे अर्धाच पेला भरण्याची पद्धत चांगलीच आहे; पण पिण्याच्या पाण्यात काटकसर करून फारसे काही हाती लागत नाही. बचतीची खरी जागा न्हाणीघरात आहे.

आंघोळीचेच घ्या. मोठी बादली साधारण वीस लिटरची असते आणि तांब्याने घेतलेली आंघोळ एका बादलीत, फार तर सव्वा बादलीत व्यवस्थित आटोपते. शॉवरमधून मिनिटाला दहा लिटर पाणी पडते असे धरले, तर आठ मिनिटांत ८० लिटर, म्हणजे चार बादल्या झाल्या. आपल्या घरचा आकडा काढणे अगदी सोपे आहे. दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेवावी आणि ती किती सेकंदांत भरते, ते घड्याळात पाहावे. साठ सेकंद लागले, तर मिनिटाला दहा लिटर. तीस लागले, तर वीस लिटर. अनेकांना हा आकडा चकित करतो. शॉवर सोडवत नसेल, तर साबण लावताना तो बंद ठेवावा. गिझरचे गरम पाणी येईपर्यंत नळीतील थंड पाणी सोडून दिले जाते, त्याखालीही बादली ठेवावी. ते पाणी स्वच्छच असते. कपडे भिजविण्यास किंवा लादी पुसण्यास चालते.

फ्लशच्या टाकीचा खर्च दिसत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडतात. नव्या, दोन बटणांच्या टाक्यांत लहान बटणाला सुमारे तीन आणि मोठ्याला सुमारे सहा लिटर लागतात. टाकी बदलणे शक्य नसेल, तर पाण्याने भरून झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली आत उभी ठेवावी. प्रत्येक वेळी तेवढे एक लिटर पाणी कमी सुटते. घरात दिवसातून वीस वेळा फ्लश होत असेल, तर महिन्याला ६०० लिटर वाचतात, म्हणजे तीन पिंपे. काही जण बाटलीऐवजी वीट ठेवतात. ती पाण्यात झिजते आणि तिचे कण झडपेत अडकून गळती सुरू होते, तेव्हा ते टाळावे. गळती आहे की नाही, हे पाहण्यासाठी रात्री टाकीत खाण्याचा थोडा रंग टाकावा. अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर आतील रबरी वॉशर गेले, असे समजावे.

ठिबकणाऱ्या नळाबाबतही अंदाजावर न राहता त्याखाली एक लिटरचे भांडे ठेवून पाहावे. ते तासाभरात भरले, तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर पाणी मोरीत जात आहे. दुरुस्तीला बहुधा एखादे वॉशर पुरते.

उंच इमारतींत आणखी एक गोष्ट घडते. गच्चीवरील टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याचा दाब खालच्या मजल्यांवर फार असतो आणि नळ थोडा फिरवला तरी धो धो पाणी येते. बेसिनखाली अँगल कॉक असतो. तो अर्धा बंद केला की धार आटोक्यात येते आणि हात धुण्यात काहीही अडचण येत नाही. याला एक पैसाही लागत नाही. नळाच्या तोंडाला बसविण्याची हवा मिसळणारी जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीही उपयुक्त आहे. दात घासताना किंवा दाढी करताना नळ सुरू ठेवू नये, हे शाळेच्या पुस्तकापासून सर्वांना ठाऊक आहे. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

स्वयंपाकघरात तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तुळशीला किंवा कढीपत्त्याच्या कुंडीला घालण्याची पद्धत अनेक घरांत आजही आहे. भाजी वाहत्या नळाखाली न धुता पातेल्यात धुवावी. धुलाई यंत्र पूर्ण भरल्यावरच लावावे आणि त्याचे शेवटच्या खळबळीचे पाणी मोरी, जिना धुण्यास घ्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तेथे या यंत्रांना मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला दिले होते. आपल्याकडे नळाला येणारे पाणी सह्याद्रीतील धरणांचे, मुळातच गोडे. ते गाळून उकळले किंवा साध्या यंत्रातून घेतले, तरी पुरते. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ज्यांच्याकडे यंत्र आहे, त्यांनी त्याची बारीक नळी बादलीत सोडावी.

‘शिळे’ पाणी

पाणी बंद असलेल्या दिवसासाठी आपण घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी नळ आला की, ‘शिळे झाले’ म्हणून तेच पाणी ओतून देतो आणि पुन्हा ताजे भरतो. खरे तर बंदमुळे वाचलेले पाणी असे एका सकाळीच संपते. महापालिकेचे पाणी क्लोरिन मिसळलेले असते आणि स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ते एका दिवसात बिघडत नाही. पिण्यासाठी मन धजत नसेल, तर उकळावे. वापरण्यासाठी तर शंकाच नको. धोका आहे तो उघड्या पिंपाचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे पिंपे झाकलेली असावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून, आतून घासून कोरडी करावीत. त्या दिवशी निघालेले पाणी लादीला, जिन्याला, गाड्या पुसण्याला वापरावे. नळीने गाडी धुण्यापेक्षा एक बादली आणि फडके यांत ती तितकीच स्वच्छ होते.

घरोघरी वाचविलेले पाणी सोसायटीच्या गच्चीवर वाया गेले, तर मात्र उपयोग नाही. पहाटे पंप सुरू करून पहारेकरी दुसऱ्या कामाला लागतो आणि वरची टाकी भरून वाहू लागते, हे दृश्य नवे नाही. टाकी भरताच पंप बंद करणारे स्वयंचलित उपकरण बाजारात मिळते. ते बसेपर्यंत निदान टाकीची वाहती नळी अशा ठिकाणी काढावी, की खालून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसेल आणि तो पहारेकऱ्याला हाक मारील.