विमानाच्या शेपटीखालचा पाटा

ट्रकच्या चाकावरचे पाटे तुम्ही पाहिलेच असतील. एकावर एक रचलेल्या, किंचित बाक दिलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध यू-बोल्टने आवळलेल्या. आज ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती त्याच घराण्यातली, पण अंगाने बरीच लहान: हौशी माणसाने घरी बांधलेल्या हलक्या विमानाच्या शेपटीखालची स्प्रिंग.

जुन्या घडणीच्या विमानाला दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली असतं. उभं असताना असं विमान नाक वर करून बसतं. शेपटीचं चाक ज्या पट्टीला किंवा दांडीला टांगलेलं असतं, ती ही स्प्रिंग. वजन किलो-दोन किलो. मग तिच्यावर अख्खा लेख कशाला? कारण गेल्या शंभर वर्षांत लाकूड, रबर, पोलाद, टायटॅनियम आणि काचतंतू हे सगळे या एवढ्याशा जागेत येऊन गेले. आणि दर वेळी प्रश्न एकच होता: या वस्तूकडून आपल्याला नेमकं हवंय काय? माझं संशोधन पोलादाच्या थकव्यावर आहे, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी शक्य तितकं तटस्थ राहते.

आधी चाकच नव्हतं

पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलच्या शेपटीखाली चाक नव्हतं. होती एक लाकडी घसरपट्टी, म्हणजे टेलस्किड. लिंडबर्ग १९२७ मध्ये ज्या विमानाने एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला, त्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'लाही स्किडच होती. आपल्याकडच्या जुन्या फ्लाइंग क्लबांत ज्यावर वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या, त्या टायगर मॉथचीही तीच गोष्ट.

हा अडाणीपणा नव्हता. विमानं गवताळ मैदानावर उतरायची आणि चाकांना ब्रेक नसायचे. जमिनीत रुतणारी स्किड हाच ब्रेक. ती बहुधा अ‍ॅश नावाच्या लाकडाची असे (क्रिकेटच्या स्टंपा पूर्वापार याच लाकडाच्या) आणि धक्का झेलायला तिला रबरी दोरीचे वेढे दिलेले असत. घरी विमान बांधणाऱ्यांनीही हेच उचललं. सांतोस-द्युमाँच्या 'द्मोआझेल' विमानाचे आराखडे १९१० मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स'मध्ये छापून आले, तेव्हापासून हौशी बांधणाऱ्याचा नियम एकच: हाताशी जे आहे त्यातून काम भागवा.

मग धावपट्ट्या पक्क्या झाल्या. डांबरावर आणि काँक्रीटवर स्किड रुतत नाही. ती फक्त खरवडत, उड्या मारत जाते आणि झिजते. चाकांना ब्रेकही आले. स्किडचं काम संपलं आणि तिच्या जागी चाक आलं. पण धक्का कोणीतरी झेलायलाच हवा होता. पायपर कबसारख्या विमानांत तो चाकामागच्या पाट्यांवर आला. घरी बांधणाऱ्याला हे सोयीचंच होतं. मोटारीच्या भंगारात पाटे सहज मिळायचे.

१८०७ मधली एक व्याख्या

इथे जरा मागे जाऊ. थॉमस यंग हे नाव तुम्ही बारावीच्या भौतिकशास्त्रात 'यंग गुणांक' म्हणून वाचलं असेल. पदार्थ ताणायला किती हट्टी आहे त्याचं ते माप. यंगची व्याख्यानं १८०७ मध्ये छापली गेली. त्यात त्याने आणखी एक गोष्ट वेगळी काढली: तुळईची ताकद निराळी आणि धक्का सोसायची तिची क्षमता निराळी. ही दुसरी क्षमता मोजायची कशी? एखादं वजन किती उंचीवरून तिच्यावर पडलं तर ती मोडेल, त्यावरून.

विमानं यायला अजून शंभर वर्षं होती. पण उतरताना शेपूट आपटते तेव्हा नेमकं हेच घडतं. काही वजन काही उंचीवरून पडतं आणि ती ऊर्जा स्प्रिंगने पोटात घेऊन परत द्यायची असते. म्हणजे स्प्रिंगचा पदार्थ निवडताना 'किती मजबूत?' हा प्रश्न अपुरा आहे. 'एका किलोत किती ऊर्जा साठवून, कायमचं न वाकता, परत देतो?' असं विचारायला हवं. याचं गणित सोपं आहे. पदार्थाला सोसवणाऱ्या ताणाचा वर्ग घ्या, त्याला यंग गुणांकाच्या दुपटीने भागा आणि मग घनतेने भागा.

आकडे टाकून बघू. एक लिटर पाण्याची बाटली दहा सेंटीमीटर उचलायला साधारण एक जूल ऊर्जा लागते, एवढं लक्षात ठेवा. खिडकीच्या गजांचं साधं मऊ पोलाद किलोमागे जेमतेम २० जूल साठवतं. विमानाचा सांगाडा ज्या ४१३० पोलादाच्या नळ्यांचा करतात ते, नेहमीच्या अवस्थेत, ६० च्या आसपास. नीट पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद ४५०. आणि अ‍ॅशचं लाकूड? मोडायच्या क्षणापर्यंत धरलं तर सुमारे ६००! म्हणजे जुने लोक लाकडावर होते ते काही उगाच नाही. फक्त लाकडात गाठी असतात, ते ओल धरतं आणि एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या निघत नाहीत.

ओशकोशचा माणूस

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ओशकोश नावाचं गाव आहे. तिथल्या विमानतळाचे १९३१ ते १९६९ व्यवस्थापक होते स्टीव्ह विटमन. जन्म १९०४. स्वतःच्या हाताने शर्यतीची विमानं बांधायची आणि स्वतःच उडवायची, हा त्यांचा छंद. शर्यतीच्या विमानाला हवेतला प्रत्येक आडवा दांडा नडतो. रबरी दोऱ्या, त्यांचे टेकू, बिजागऱ्या यांचं जंजाळ त्यांना नको होतं. १९३० च्या दशकात त्यांनी पुढच्या चाकांसाठी उपाय काढला: पोलादाची एक पट्टी, एक टोक विमानाच्या पोटाला, दुसरं चाकाला, बस. हलणारा भाग एकही नाही, तेलपाणी नाही.

सेसना कंपनीने या कल्पनेचे हक्क घेतले आणि १९४६ च्या सेसना १२० आणि १४० पासून ती वापरली. पुढे सेसना १७२ लाही सुरुवातीला चपट्या पट्ट्याच होत्या. आपल्या राज्यातही पुष्कळ वैमानिक याच १७२ वर शिकले आहेत. विटमन यांनी नंतर चपट्या पट्टीऐवजी टोकाकडे निमुळती होत जाणारी गोल दांडी आणली. आज घरी बांधल्या जाणाऱ्या आरव्ही मालिकेतल्या अनेक विमानांना पुढे तशाच दांड्या असतात, आणि शेपटीचं चाकही एका पोलादी दांडीवरच असतं.

निमुळती का? वाकलेल्या पट्टीत सगळं पोलाद सारखं राबत नाही. वरचा आणि खालचा थर पूर्ण ताणाखाली असतो, मधला गाभा जवळजवळ रिकामा. शिवाय एका टोकाला पक्की धरलेली पट्टी मुळाशी सगळ्यात जास्त ताणली जाते, टोकाशी काहीच नाही. एकसारख्या जाडी-रुंदीची पट्टी त्यामुळे आपल्या क्षमतेचा फक्त नववा भाग वापरते. सगळीकडे सारखा ताण येईल असा आकार दिला, तर तिसरा. पाट्यावर पाटा रचून प्रत्येक खालचा पाटा आखूड ठेवतात तो याचसाठी. तीही एक निमुळती पट्टीच, तुकड्यांत कापून रचलेली.

आता उदाहरण. समजा शेपटीवर ४५ किलो भार आहे आणि ती पाव मीटरवरून आपटली. ऊर्जा सुमारे ११० जूल. स्प्रिंगच्या पोलादाची एकसारखी पट्टी घेतली तर सव्वादोन किलो लागेल. निमुळती केली तर पाऊण किलो. आणि ४१३० ची एकसारखी पट्टी, नेहमीच्या अवस्थेतली? सोळा किलो!

हाताला न कळणारा फरक

आता मुद्द्याची गोष्ट. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, सुरू केली. १९५५ मध्ये त्यांचे विमानबांधणीवरचे लेख 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड'मध्ये आले आणि गॅरेजमध्ये विमान बांधणं हा हजारोंचा उद्योग झाला. अशा प्रत्येक गॅरेजमध्ये ४१३० चे तुकडे पडलेले असतातच. 'विमानाचंच पोलाद आहे, वेल्डही छान होतं, त्याचीच स्प्रिंग करू' असं वाटणं अगदी स्वाभाविक.

गोची अशी की यंग गुणांक सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच असतो. पाणी द्या, न द्या, तो हलत नाही. म्हणून मऊ पोलादाची पट्टी आणि पाणी दिलेली त्याच मापाची पट्टी, दोन्ही शेजारी ठेवून हाताने दाबल्या तर दोन्ही तितक्याच वाकतील आणि तितक्याच परत येतील. फरक कळतो तो एखाद्या दिवशी लँडिंग जरा वाईट झालं की. एक परत येते, दुसरी वाकलेलीच राहते.

वाकली तर काय झालं, शेपूट दोन बोटं खाली, असं म्हणाल. तसं नाही. शेपटीचं चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळतं, तिचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला किंवा निदान सरळ हवा. पाटा बसला की खुंटी पुढे झुकते आणि चाक लटलटायला लागतं, बाजारातल्या ट्रॉलीचं चाक लटलटतं तसं. त्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, पाट्याला तडा जातो. आणि पाटा तुटला तर जमिनीवर वळण्याचं साधनच गेलं. या घडणीच्या विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो. ते आधीच गर्रकन फिरायला टपलेलं असतं.

उलट टोकही आहे. पोलाद लाल करून तेलात बुडवलं आणि नंतर पुन्हा बेताने तापवून त्याचा चिवटपणा परत आणला नाही, तर ते काचेसारखं ठिसूळ राहतं. कोयत्याला पाणी देणाऱ्या लोहाराला हे पक्कं माहीत असतं: जास्त पाणी झालं की धार उडते. तयार पाट्यावर वेल्डिंग केलं तर तेवढ्या जागेचं पाणी उतरतं. ताणाच्या बाजूला भोक पाडलं, पाना घसरून ओरखडा उठला, गंजाने खड्डा पडला, की थकव्याचा तडा बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

टायटॅनियम आणि काच

शेपटीचं वजन वैमानिकाला नकोसं असतं, कारण ते गुरुत्वमध्यापासून सगळ्यात लांब. म्हणून कसरतीच्या विमानांत टायटॅनियमच्या स्प्रिंगा आल्या. विमानात नेहमी वापरतात ते टायटॅनियम मिश्रधातू किलोमागे सुमारे ७७० जूल साठवतं, गंजत नाही. पण त्याचा यंग गुणांक पोलादाच्या निम्म्याहून थोडा जास्त. जुन्या पाट्याच्या मापाचाच टायटॅनियमचा पाटा केला तर तो पावणेदोनपट वाकेल. तितकाच ताठ हवा असेल तर जाडी वीस-बावीस टक्के वाढवावी लागते. घनता पोलादाच्या जेमतेम नऊ आणे, म्हणून वजन निम्मं होईल अशी आशा असते, पण बचत होते एक तृतीयांशाच्या आसपास. ७०७५ अ‍ॅल्युमिनियम कागदावर ६२० जूलपर्यंत जातं. पण त्याला थकव्याची सुरक्षित मर्यादा अशी नसते, लहान ताणही पुरेशा वेळा आला तर तडा देतो.

सगळ्यांवर मात करते ती काच. १९७५ मध्ये बर्ट रुटान यांनी 'व्हॅरीईझी' उडवलं, तेव्हा त्याच्या मुख्य चाकांचा पाय काचतंतू आणि इपॉक्सीची एक मोठी कमान होता. एकाच दिशेने घातलेले काचतंतू त्यांच्या मोडण्याच्या निम्म्याच ताणावर वापरले, तरी किलोमागे दीड हजार जूल निघतात. टायटॅनियमच्या दुप्पट. मात्र इपॉक्सी तापली की मऊ होते. ब्रेकच्या उष्णतेपासून असे पाय झाकावे लागतात. शेपटीच्या चाकाला ब्रेक नसतो, तिथे ही अडचण नाही. पण पाट्याला भोक पाडायचं म्हणजे तंतूच कापायचे, हा पेच इथेही राहतो. शिवाय काचतंतू किती चांगला आहे हे थेट तो कोणी, कसा घातला यावर ठरतं.

नाव म्हणजे अर्धीच ओळख

विटमन नव्वदी ओलांडेपर्यंत उडत राहिले. २७ एप्रिल १९९५ ला ते आणि त्यांच्या पत्नी पॉला, त्यांनी स्वतः बांधलेल्या विमानातून जात असताना अलाबामा राज्यात ते विमान हवेत मोडलं. दोघंही गेले. तपासात निघालं की पंखावरचं कापड एका जागी चिकटून राहिलं नव्हतं, ते सुटलं आणि पंख-एलेरॉनला जीवघेणी फडफड सुरू झाली. कापड कमजोर नव्हतं, ते पंखाला नीट धरलं गेलं नव्हतं. स्प्रिंगच्या पोलादाचं मर्म जगाला दाखवणारा माणूस, आणि घात केला तो पदार्थ लावण्याच्या पद्धतीने. आज ओशकोशचा विमानतळ त्यांच्या नावाने आहे, आणि १९७० पासून दर उन्हाळ्यात तिथे ईएएचा मेळा भरतो.

शंभर वर्षांच्या या इतिहासातून मला दिसतं ते एवढंच. 'पोलाद', 'टायटॅनियम', 'काचतंतू' ही अर्धी नावं आहेत. उरलेलं अर्धं नाव म्हणजे त्याला किती पाणी दिलं, आकार कसा दिला, भोक कुठे पाडलं, कशाने चिकटवलं. तुमच्या ओळखीत कोणी विमान बांधत असेल (अशी माणसं आपल्याकडेही आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी तर मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं) आणि त्याने कौतुकाने एखादा पाटा दाखवून 'स्प्रिंग स्टील आहे' असं सांगितलं, तर तो हाताने दाबून बघू नका. हाताला काही कळत नाही. त्याला विचारा: पाणी कोणी दिलं, आणि कडकपणा मोजला का?