गवताचे वजन आणि अंगणातील शाळा : डहाणू-तलासरी परिसरातील उत्पादन व सेवा व्यवस्थापन

प्रस्तावना :
वस्तू मोजता येते, साठवता येते आणि दूरच्या बाजारपेठेत पाठवता येते. सेवा मात्र ती देणारा व घेणारा एकत्र आल्यावरच निर्माण होते. तिचा साठा करता येत नाही. व्यवस्थापनशास्त्रातील हा भेद डहाणू-तलासरी परिसराच्या इतिहासात १९४५ या एकाच वर्षी ठळकपणे दिसतो.

गवताचा व्यवसाय :
मुंबईच्या बाजारासाठी येथील गवत वारली मजूर कापत असत. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या संपात ५०० पौंड गवतास अडीच रुपये दर मागण्यात आला. संघर्ष तीव्र होता. तथापि मागणी मांडण्यासाठी माप उपलब्ध होते. मालाचे वजन करता येत असल्याने श्रमाचे मोल निश्चित आकड्यात सांगता आले.

बालशिक्षणाची सेवा :
१९४५ मध्येच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले; पुढे ते कोसबाडला नेले. येथे केवळ इमारत, साधने व शिक्षिका पुरेशा नव्हत्या. आदिवासी मुले येत नाहीत, हे लक्षात आल्यावर बालवाडीच पाड्यावरील अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा सुरू झाली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठी मुले घरी राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा विकासवाडीत एकत्र आणली गेली. महागड्या साधनांची जागा बिया, पाने व शंखशिंपल्यांनी घेतली. सेवेचे स्थळ, वेळ आणि स्वरूप लाभार्थ्याच्या जीवनक्रमानुसार ठरले.

निष्कर्ष :
२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी देशभर पोहोचली. एवढ्या मोठ्या योजनेस हजेरी, आहार व बालकांचे वजन यांच्या नोंदी आवश्यकच ठरतात. परंतु पालकांचा विश्वास आणि मुलाची शिकण्याची ओढ नोंदवहीत उतरत नाही. कारखान्यात तयार मालाची तपासणी पाठवणीपूर्वी करता येते. अंगणातील शिक्षिकेस मात्र चूक त्याच क्षणी, मुलासमोरच सुधारावी लागते. त्यामुळे सेवासंस्थेत निर्णयाचा अधिकार प्रत्यक्ष सेवा देणाऱ्याच्या हाती असणे अगत्याचे ठरते. हा अधिकार काढून केवळ आकडे मागितल्यास अंगणवाडीचे नाव टिकेल, पण शाळेने मुलाकडे जाण्याचे तिचे मूळ तत्त्व हरवेल.