हलतंय कोण?

मार्चअखेरीला ताळेबंदातले आकडे माझ्यासमोर नाचू लागतात. साहेब म्हणतात, "आकडे जागेवरच आहेत, तुम्ही हलताय!" ते खरं असावं, अशी शंका मला एका चित्रानं आणली.

लंडनच्या ब्रिजेट रायली यांनी १९६१ साली 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' रंगवलं. काळ्यापांढऱ्या चौकटींचा पट. उंची सारखी, रुंदी मात्र कमी कमी होत जाते आणि पुन्हा वाढते. एवढंच! पण पाहावं तर पट घडी पडून आत ओढला जातोय. यालाच पुढे 'ऑप आर्ट' म्हणू लागले.

नजर रोखली तरी बुबुळं बारीक थरथरतात. एरवी मेंदू ते सांभाळून घेतो. पण काळ्यापांढऱ्या कडांची दाटी झाली की त्याचा हिशेब चुकतो आणि थरथर चित्राच्या नावे पडते.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. रायलीबाई पोचल्या, तर दुकानांत त्यांच्या चित्रांचे झगे टांगलेले! बाईंनी कायद्याचा मार्ग धरला, उपयोग शून्य. मेहनत एकीची, जमा भलत्याच खात्यात.

मी मात्र माझ्यापुरती खातेदुरुस्ती केली. डोळे तपासले. चष्म्याचा नंबर वाढलाय. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.