कोंबडा हवाच कशाला?

माझ्या मामेबहिणीने कॅलिफोर्नियात घरामागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या आहेत. ही बातमी आमच्या नातेवाईकांत पसरल्यापासून तिला फोनवर एकच प्रश्न विचारला जातो : "अगं, पण कोंबडा कुठाय?" कोंबडा नाही. तिच्या गावच्या नियमात बसत नाही. अमेरिकेत कितीतरी शहरांत चार-सहा कोंबड्या पाळायला परवानगी असते, पण कोंबड्याला सक्त मनाई. कारण उघड आहे, तो ओरडतो. त्यावर आमच्या मावशीचा पुढचा प्रश्न, "मग अंडी कशी देतात गं?"

तर मावशी, कोंबडी अंडी देते ती कोंबड्याला विचारून नाही! तो असला काय नि नसला काय, तिचं अंडं ठरल्यावेळी येतंच. फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. मग सगळ्या जगाने इतकी वर्षं हे ओरडणारं, भांडखोर, अंडी न देणारं प्रकरण दाणे घालून सांभाळलं तरी कशासाठी? त्या शोधात बरंच वाचून झालं, म्हणून हा लेख.

मुळात माणसाने कोंबडी जवळ केली ती अंड्यांसाठी नसावी. रानकोंबडी वर्षाला जेमतेम डझनभर अंडी देते, तीही पिल्लं काढायला. २०२० साली शेकडो कोंबड्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की आपल्या कोंबडीचा मूळ पूर्वज नैऋत्य चीन, उत्तर थायलंड, म्यानमार या भागातला लाल रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवीसनपूर्व १६५० ते १२५० या काळातली. भाताची शेती आली, सांडलेल्या दाण्यांवर रानकोंबड्या आल्या आणि राहिल्या. (आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे बरं का. अनेक पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तो पिवळेपणा आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये सिद्ध झालं.)

जुन्या काळी भाव होता तो नराला. झुंजीसाठी, देवाच्या नवसासाठी आणि वेळेसाठी. पाणिनीचंच बघा ना. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत समजावून सांगताना त्याने 'उ' हाच स्वर का घेतला? टीकाकार म्हणतात, कोंबडा आरवताना तिन्ही मात्रा ओळीने ऐकू येतात म्हणून. कु, कू, कूऽऽ! आणि गंमत म्हणजे मनुस्मृतीने गावातला कोंबडा खायला निषिद्ध ठरवला आहे. पण सोवळ्यातल्या घरांनाही पहाट कळायची ती शेजारच्या आळीतल्या कोंबड्यानेच. फुकटचं घड्याळ! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ज्यांनी केली त्यांना कोंबड्याची लायकी बरोबर माहीत होती. पण बिचाऱ्यावर थोडा अन्यायही झाला. तो उजेड बघून आरवतो असा सगळ्यांचा समज. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, तरी ते साधारण दिवसाच्या हिशोबाने आरवत राहिले. म्हणजे झाकलेलं कोंबडंही झाकल्या जागी आरवतं; घड्याळ त्याच्या आतच आहे. त्याच मंडळींनी २०१५ मध्ये दाखवलं की आधी कळपातला म्होरक्या आरवतो, मग बाकीचे आपापल्या पायरीनुसार. अगदी सरकारी कचेरीसारखं.

गजराचं घड्याळ आलं आणि ही नोकरी गेली. उरला तो नुसता आवाज. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी चक्क खटला भरला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने निकाल मॉरिसच्या बाजूने दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथे कायदाच झाला, की ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा त्या भागाचा वारसा आहे. आपल्याकडे असा खटला झाला तर निकाल काय लागेल कोण जाणे.

पण घड्याळ हे त्याचं वरकड काम. खरं काम अंगणात बघायला मिळतं. आजोळी आजीच्या खुराड्यात सात-आठ कोंबड्या आणि एकच कोंबडा असे. दाणा किंवा किडा सापडला की तो स्वतः न खाता कुक्-कुक् करून कोंबड्यांना बोलवायचा. (यात दाक्षिण्य किती आणि स्वार्थ किती हा वेगळा विषय!) घार दिसली की एक आवाज, मुंगूस किंवा मांजर दिसलं की वेगळा. हे आता शास्त्रज्ञांनीही तपासलं आहे : आभाळातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबड्याच्या हाका वेगवेगळ्या असतात, आणि नुसती ध्वनिफीत लावली तरी कोंबड्या त्या-त्या प्रकारे लपतात किंवा मान उंच करून बघतात. कोंबड्यांची आपसातली भांडणंही तो मिटवतो.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हे प्रमाण बरोबर बसतं. दोन-तीन कोंबड्यांतच एक ठेवला तर तो त्यांच्या पाठीची पिसं उपटून काढतो. दोन कोंबडे ठेवले तर रक्तपात. मग पिल्लांतले निम्मे नर जायचे कुठे? ते पाहुणा आला की, किंवा जत्रेला. आजीचा जीव त्यात अडकलेला मला कधी दिसला नाही. म्हणजे जास्तीचा कोंबडा ही काही आजची अडचण नाही. फरक एवढाच, की तो निदान पाच-सहा महिने उकिरडा उकरून, आरवायची तालीम करून मग पातेल्यात जायचा.

ते बदललं दोन शोधांनी. एक म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. इजिप्तमध्ये उबवणीच्या भट्ट्या फार प्राचीन. पण कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी १८७९ साली चांगलं चालणारं यंत्र तयार झालं आणि खुडूक बसणाऱ्या कोंबडीची गरज संपली. उलट खुडूक बसणं हा दोष ठरला, कारण तेवढे दिवस ती अंडी देत नाही. दुसरा शोध जपानचा. मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२० च्या दशकात एक दिवसाचं पिल्लू नर की मादी हे ओळखायची रीत काढली. पुढे अंड्यांची जात वेगळी, मांसाची वेगळी असं झालं, आणि अंड्यांच्या जातीचा नर कुणालाच नको झाला. जगभरात दरवर्षी अशी अब्जावधी पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. संस्कृतात 'अर्धकुक्कुटी न्याय' म्हणून आहे : अर्धी कोंबडी शिजवायला, अर्धी अंडी द्यायला. अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून पंडित तो सांगत. आपण करून दाखवलं की!

बहिणीच्या चार कोंबड्याही हॅचरीतूनच आल्या. दोन-तीन वर्षांत अंडी कमी होतील, मग परत हॅचरी. तिचं काही अडत नाही. पण गावाकडे अडतं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. तिथल्या मोठ्या पोल्ट्रींबरोबर आसपासच्या घरोघरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. रोग आवरायला दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. पण पोल्ट्रीवाला हजारांनी पिल्लं मागवू शकतो. पाच कोंबड्या आणि एक कोंबडा ही ज्यांची सगळी हॅचरी, त्यांनी काय मागवायचं? वनराज, गिरिराज अशा सुधारित जाती येतात, अंडीही गावठीपेक्षा बरीच जास्त देतात. पण त्या संकरित. त्यांची घरी काढलेली पिल्लं आईबापांसारखी निघतीलच असं नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली. आधीच्या गणनेपेक्षा परसातली जवळजवळ ४६ टक्के वाढली. म्हणजे अंगणातली कोंबडी परत येतेय. त्यातल्या किती अंगणांत कोंबडा आहे आणि किती ठिकाणी नुसती हॅचरीची खोकी येतात, हे मला कुठे मोजलेलं सापडलं नाही.

मावशी, तुझ्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आताच देऊन ठेवतो. हो, पाळायचाच असेल तर आठ-दहा कोंबड्यांत एकच ठेव, आणि एक-दोन वर्षांनी बदल. नाहीतर तो स्वतःच्याच लेकींचा नवरा होतो आणि पिल्लं रोडावतात. आजी त्यासाठी आपला कोंबडा डालग्यात घालून खाडीपलीकडच्या गावात द्यायची आणि तिकडचा घेऊन यायची. पैशाचा व्यवहार नाही, कोंबड्याला कोंबडा.