चाळमालकाचं मार्केट

मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीला आम्ही चार-पाच जण हातात मसालेभाताची प्लेट घेऊन गप्पा मारत होतो. ग्रीन कार्ड आणि मुलांच्या कॉलेजनंतर विषय आला रेंटल प्रॉपर्टीवर. एकाने ऑस्टिन सुचवलं, दुसऱ्याने शार्लट, तिसऱ्याने कोलंबस. नोकऱ्या वाढताहेत ना, शाळा चांगल्या आहेत ना, भाड्यातून मॉर्टगेज सुटतं ना, सगळा हिशोब झाला. मी मात्र मनाने गिरगावात पोचलो होतो. आमच्या चाळीच्या मालकाने याहून चांगलं मार्केट कुठे शोधलं असतं?

मंडळी, त्या काळची मुंबई आठवून बघा. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी स्थापन केली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून, घाटावरून माणसांचा लोंढा सुरू झाला. बंदर, रेल्वे, गिरण्या, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे काम होतं. राहायला जागा मात्र नव्हती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी चाळी बांधल्या. खोली रिकामी राहण्याची भीती नाही आणि भाडं दरमहा घरपोच! १८९६ च्या प्लेगने हे गणित काही काळ विस्कटलं. लोक गावी पळाले आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमून दाट वस्त्या पाडायला घेतल्या. पण शहर पुन्हा भरलं.

सरकारलाही चाळमालक व्हायची हौस आली. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी उभारल्या. त्याच बीडीडी चाळी. इमारती भक्कम, पण वरळी तेव्हा बहुतेक गिरण्यांपासून लांब पडायची आणि भाडं कामगाराच्या खिशाला जड जायचं. कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत काही चाळींचा चक्क तुरुंग झाला! घर चांगलं म्हणजे मार्केट चांगलं असं नसतं, हा धडा सरकारने स्वखर्चाने घेतला.

गिरगावच्या मालकाला ती अडचण नव्हती. त्याची गाडी अडली वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या महायुद्धात टंचाई वाढली तेव्हा १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि काही वर्षांनी संपलाही. दुसऱ्या महायुद्धानंतरचा १९४७ चा कायदा मात्र मुक्कामाला आला. जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं टिकला.

आमच्या दोन खोल्यांचं भाडं महिना २८ रुपये होतं. माझ्या आजोबांनी ते दिलं, वडिलांनीही तेवढंच दिलं. छत गळायचं, जिना हलायचा आणि आम्ही मुलं मालकाला खडूस म्हणायचो. मी सातवीत असताना पावसाळ्यात मागची गॅलरी पहाटे कोसळली. कोणी दगावलं नाही, हे नशीब. वर्षभराचं भाडं गोळा करूनही त्या गॅलरीचं लाकूड आलं नसतं, हे मला कळलं ते इथे स्वतःच्या डुप्लेक्सच्या छताचं बिल भरताना.

त्या कायद्याचे परिणाम लांबवर गेले. भाड्याने देण्यासाठी घरं बांधणं जवळजवळ बंद झालं आणि 'ओनरशिप'चे फ्लॅट आले. भाड्याबरोबर पागडी घेतली जाऊ लागली. १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ आणि सेस आला. अशा इमारती सुमारे १९ हजार होत्या. १९८६ मध्ये भाडेकरूंच्या सोसायटीला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन अशी इमारत सरकारमार्फत मिळण्याची तरतूद झाली. आमच्या हिशोबाने एका बिऱ्हाडाचे २८०० रुपये! त्याविरुद्ध मालक कोर्टात गेले. सगळीच खाजगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं ते ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. दरम्यान २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली होती, पण ती मुळात त्या गोठलेल्या भाड्यावर.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. न्यूयॉर्कची भाडी १९४३ मध्ये युद्धामुळेच गोठवली होती आणि नियंत्रण वेगवेगळ्या रूपांत तिथे अजून आहे. मॅसॅच्युसेट्सने १९९४ मध्ये मतदान करून ते काढून टाकलं. कॅलिफोर्निया आणि ओरेगनने २०१९ मध्ये राज्यभर वाढीवर मर्यादा घातली. न्यू जर्सीत तर एका गावाचा नियम शेजारच्या गावाला लागू नाही. आणि कायदा अनुकूल असला तरी शहर टिकायला हवं. डेट्रॉईटमध्ये १९५० साली साडेअठरा लाख लोक होते, २०१० साली सव्वासात लाखही उरले नव्हते. तेव्हा स्वस्त घर बघण्याआधी गावाचा भाडेकायदा वाचा, नोकऱ्या एकाच धंद्यावर आहेत का ते बघा आणि दुरुस्तीचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला काढा.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे वडील कारकून होते. बाजारभावाने भाडं द्यावं लागलं असतं तर आम्ही गिरगावातून कधीच बाहेर फेकले गेलो असतो. चांगली शाळा, जवळचं कॉलेज आणि पुढे इथलं एमएस, या सगळ्यात त्या २८ रुपयांचा वाटा आहे. म्हणजे ज्याला आम्ही खडूस म्हणायचो त्याने, इच्छा नसताना का होईना, माझ्या शिक्षणाला हातभार लावला. कायद्याने आम्हाला तारलं आणि त्याच कायद्याने आमच्या डोक्यावरचं छप्पर कुजवलं. दोन्ही खरं आहे.

माझ्या डुप्लेक्समध्ये खाली एक तरुण कुटुंब राहतं. मी दरवर्षी भाडं थोडं वाढवतो, एकदम नाही. गेल्या जानेवारीत रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला, वॉटर हीटर बंद पडला होता. बायको म्हणाली, "उद्या बघा की." मी जॅकेट घालून निघालो. त्यांनाही सातवीतली मुलगी आहे, आणि ती मला काय म्हणत असेल याची मला चांगली कल्पना आहे.